धातूचा कण

"शिवलीला, तुझ्या हाताला गुणच नाही!" पाटणकर सरांनी तिला सगळ्या लॅबसमोर झापलं. अल्काइनचे रेणू धातूच्या उत्प्रेरकाशिवाय जोडणारी त्यांची रिअ‍ॅक्शन जगभर गाजली होती. या पोरीकडून मात्र ती महिनाभर काही केल्या होत नव्हती.

तिची पीएचडी थांबवण्याचं पत्र लिहिण्याआधी सरांनी स्वतःच रिअ‍ॅक्शन लावली. ढवळायला तिच्यासारखंच नवंकोरं मॅग्नेट फ्लास्कमध्ये टाकलं. दुपारपर्यंत काही म्हणजे काही घडलं नाही. मग त्यांनी आपलं जुनं, काळवंडलेलं मॅग्नेट टाकलं, आणि तासाभरात रेणू जोडले गेले!

सरांनी ते मॅग्नेट बाहेर काढून उजेडात धरलं, आणि त्यांना सारं उमगलं. त्या मॅग्नेटच्या चिरांत जुन्या प्रयोगांतलं पॅलेडियम चिकटून राहिलं होतं; सगळं काम मुकाट्यानं त्या धातूनं केलं होतं. पांडुरंगा! कर्ता कोण, आणि हार कुणाच्या गळ्यात!

"पोरी, चूक माझी होती," मान खाली घालून ते म्हणाले. "शोधनिबंध मागे घेतो."

"आधी बाहेर चला, सर. सकाळपासून उपाशी आहात," म्हणत तिनं आपला डबा उचलला.

तिनं चार शब्द सुनावले असते, तर सरांना ते सोसलं असतं.