सगळ्यात जड नारळ

दर उधाणाला समुद्र वाडीत शिरायचा आणि पोफळींची एखादी ओळ घेऊन जायचा. यंदा विहीरही खारी झाली आणि कुमुदताईंची झोपच उडाली. शेवटी लेक मैथिली त्यांना अलिबागला समुपदेशक बाईंकडे घेऊन गेली.

"नेमका कुणाचा राग येतो तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"समुद्राचा."

बाई गोड हसल्या. "अहो, हवामान सगळ्या जगाचंच बदलतंय. त्यात बिचाऱ्या समुद्राचा काय दोष? त्याच्याशी मैत्री करा, बघा कसं हलकं वाटेल."

कुमुदताईंच्या डोक्यात तिडीक गेली. बिचारा म्हणे! सासऱ्यांनी हाताने लावलेली झाडं गिळून बसलाय, आणि म्हणे मैत्री करा!

नारळी पौर्णिमेला मात्र त्या आपणहून निघाल्या. दुकानात चार नारळ हातात तोलून त्यांनी सगळ्यात जड तो घेतला. मैथिलीला वाटलं, आई सावरली.

किनाऱ्यावर सगळे गुडघाभर पाण्यात उतरून नारळ अलगद सोडत होते. कुमुदताईंनी पदर खोचला, नेम धरला आणि अंगातला सगळा जोर लावून नारळ येणाऱ्या लाटेच्या थोबाडावर हाणला.

"काय ही श्रद्धा!" मागे कुणीतरी हात जोडले.

शेजारच्या दयारामांची भातशेती याच समुद्राने खारवली होती.



पुढे येऊन त्यांनी आपला नारळ कुमुदताईंच्या हातात ठेवला आणि हळूच म्हणाले, "वयनी, माझाबी हाणा. माझा खांदा आता उठत न्हाय."