तुमच्या झाडाचे

कारखान्याच्या टाउनशिपमधली जुनी क्वार्टर्स पाडायला घेतली, तेव्हा सरोजकाकूंच्या अंगणातलं आंब्याचं झाड मुळासकट उचलून तलावाकाठी लावायचं काम इंजिनिअर शशांककडे आलं. "काकू, झाड जगवायचं माझ्याकडे लागलं," असं तो छातीठोकपणे म्हणाला. पण जी मुळं थोडीथोडी करत महिनाभरात तोडायची, ती त्याने क्रेन दारात उभी म्हणून एका दिवसात तोडली. झाड उभ्याउभ्या वाळलं.

गुडघ्यांमुळे काकू मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून खाली उतरत नसत. त्यांना खरं सांगायला शशांकची जीभ रेटेना. दर उन्हाळ्यात तो करोंदच्या फळमंडीतून दसहरी आंबे निवडून आणायचा आणि म्हणायचा, "तुमच्या झाडाचे, काकू." काकू मिटक्या मारत म्हणायच्या, "गोड आहेत हो."

यंदा आंबे देऊन तो निघाला, तेव्हा काकूंनी एक बरणी त्याच्या हातात दिली.

"लोणचं आहे. झाड हलवायच्या आदल्या वर्षीच्या कैऱ्यांचं."

"राहू द्या ना काकू, तुम्हालाच होईल."

"ने बेटा. आमच्या झाडाची चव तुला कुठे ठाऊक आहे? पिकला तरी आंबटढाणच असायचा तो."