पहिली मुलाखत

श्रीनिवास सरांच्या तेरवीला नववीतली आचल त्यांच्या मुलीजवळ, वेदश्रीजवळ, येऊन बसली.

"ताई, दिवाळीच्या आधी सरांनी आमाले संशोधन शिकवलं. मी विषय निवडला, माणसं दवाखान्यात उशिरा काऊन जातात? मुलाखत कशी घ्यायची ते दाखवाले सर सोताच उत्तरं द्याले वर्गापुढं बसले."

"काय म्हणाले बाबा?"

"पोटात गाठ आहे, पण आधी पोरीची परीक्षा होऊ दे, म्हणे."

दर रविवारी फोनवर बाबा वेदश्रीला "मी ठणठणीत" असंच सांगत आले होते.

"एवढी पोरं होता तुम्ही. मला एकानंही कळवलं नाही?"

आचलचे डोळे भरले. "मुलाखत देणाऱ्याचं नाव बाहेर सांगायचं नसते, ताई. सरांनीच शिकवलं. साऱ्या वर्गानं पाळलं."