आणखी एक हात खोल

आईची हाडं धुवून झाली होती. फोतिनीने शेवटची बरगडी लाल वाईनमधून काढून पांढऱ्या कापडावर ठेवली आणि खड्ड्यातल्या मांथोसने कुदळ काठाला टेकवली. या डोंगरातल्या ग्रीक गावात मेलेल्याला पाच-सात वर्षांनी वर काढतात, धुतात, लहान पेटीत ठेवतात आणि मोकळी झालेली कबर घरातल्या पुढच्या माणसाला देतात. या दोघी बहिणींनी मात्र आपल्या आईला शहात्तर वर्षं कुणाला हात लावू दिला नव्हता. वाईनचा खर्च नको म्हणून, असं गाव म्हणायचं. गावाला काय, बोलायला जीभच लागते.

आता थोरली बहीण स्मारो देवळात शवपेटीत होती. धाकटी आर्गिरो, वय त्र्याण्णव, कबरीशेजारी खुर्ची टाकून बसली होती.

"झालं, आजी," मांथोस म्हणाला. "चार वाजता स्मारो आजीला आणा. जागा ऐसपैस आहे."

"आणखी एक हात खोल."

"कशाला? तिला काय उभी पुरायची आहे?"

"खण म्हटलं ना."

फोतिनी स्मारोची नात. ती म्हणाली, "आजीने स्वतःसाठी वेगळी जागा घेऊन ठेवली होती. तिथेच पुरा म्हणून मला बजावलं होतं. इथला हट्ट तुझा."

आर्गिरोने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मांथोसने कुरकुरत पुन्हा कुदळ उचलली.

पाचव्या घावाला कुदळ वाजली. त्याने हातांनी माती उकरली. आधी बूट निघाला, तळाला खिळे ठोकलेला, आत पायाची हाडं तशीच. मग पट्ट्याचं बक्कल, त्यावर गरुड. शेवटी कवटी. मागच्या बाजूने ती कलिंगडासारखी फुटलेली होती.

मांथोस बक्कल अंगठ्याने पुसत राहिला. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं: युद्धात एक जर्मन शिपाई गायब झाला आणि त्याच्यापायी दहा माणसांना चौकात गोळ्या घातल्या. शिपाई पळून गेला, असंच सगळे धरून चालले होते. मांथोसचे आजोबा त्या दहांतले.

"कुणी मारला याला?"

"मी. लाकडं फोडायच्या कुऱ्हाडीने," आर्गिरो म्हणाली. "आईला मातीत घालून दोन दिवस झाले होते. घरात आम्ही दोघीच. हा आला, दाराला कडी घातली आणि स्मारोला चुलीपाशी पाडलं. पहिल्या घावाला त्याने मागे वळून बघितलं. मग मी थांबलेच नाही. भिंतीवर, भांड्यांवर सगळीकडे उडालं होतं. इथली माती ताजी, उकरली तरी कुणाच्या लक्षात येणार नव्हती. आईला वर काढली, याला खाली घातला आणि आईला पुन्हा याच्यावर निजवली."

फोतिनीने वाईनची परात बाजूला सारली. "तू काय वाईट केलंस?" ती म्हणाली. "कुणीही हेच केलं असतं."

"ते वाईट केलंच नाही. पुढचं ऐक. दुसऱ्या दिवशी घंटा वाजवून गाव चौकात गोळा केलं. अधिकाऱ्याने घड्याळ काढलं. शिपाई द्या, नाहीतर दहा जण. अर्धा तास दिला होता त्याने. मी तोंड उघडलं तर स्मारोने दंडात नखं रोवली. मी मिटलं. पहिला पडला तेव्हाही बोलता आलं असतं. एकेकाला मारत होते."

मांथोस म्हणाला, "माझे आजोबा कितवे?"

"आठवे. आधीच्या सात जणांच्या रक्तात त्यांचा पाय घसरला. सावरून उभे राहिले. मी समोरच होते."

"आणि आज सांगतेस?"

"स्मारोने आईची शपथ घातली होती, आपणहून कुणाला सांगायचं नाही. ती होती तोवर ही कबर उघडू दिली नाही तिने. कुणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही, एवढं मी माझ्यापुरतं ठरवलं होतं. पण विचारणार कोण? म्हणून तुला खणायला लावलं. विचारणारा तूच हवा होतास."

"दरवर्षी त्या दहा जणांच्या नावाने गोड गहू शिजवता तुम्ही दोघी. तुझ्या हातचे खाल्लेत मी. लहानपणापासून."

"हो."

मांथोसने कुदळ उचलली आणि कवटीवर घातली. पुन्हा घातली. तिसऱ्या घावाला तिचा चुरा झाला आणि कपच्या उडून आईच्या धुतलेल्या हाडांवर पडल्या. तो तसाच वर चढला, कुदळ हातात घेऊन खुर्चीकडे आला. फोतिनी धावत मध्ये उभी राहिली.

"बाजूला हो गं," आर्गिरो म्हणाली.

मांथोसने कुदळ फेकून दिली, देवळाकडे गेला आणि घंटेचा दोर दोन्ही हातांनी ओढला. मयताची घंटा सावकाश वाजते. ही धावत सुटली होती.

"चल घरी," फोतिनी रडत म्हणाली. "मी गाडी आणते. चल ना."

"परत घरी कुठे? बस इथे. आणि त्या शिपायाची हाडं झाकू नकोस, दिसू देत."

खालच्या वाटेने माणसं वर येऊ लागली. काळ्या कपड्यांतल्या बायका पुढे होत्या. आर्गिरोने डोक्याचा रुमाल सोडला, घडी घातली आणि मांडीवर ठेवला. तिचं पांढरं विरळ डोकं उन्हात उघडं पडलं.

"रुमाल बांध," फोतिनी म्हणाली. "लोक येतायत."

"राहू दे. दगडाचा नेम चुकायला नको."