समोरचं दुकान

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता बिबवेवाडीतल्या नव्या सुपरमार्केटची फीत कापली गेली. समोरच्या किराणा दुकानात दुर्गाबाई गिऱ्हाइकाची वाट पाहत बसल्या होत्या. त्यांचे यजमान ज्ञानदेव पलीकडे उभे राहून पेढा खात होते.

दुर्गाबाईंचा राग पेढ्याचा नव्हता. सुपरमार्केटचा मॅनेजर रोहन इंदूरचा, नवखा. कामाला माणसं कुठं मिळतील, असं त्यानं ज्ञानदेवांनाच विचारलं होतं. आणि ह्यांनी दारोदार हिंडून बायका जमवून दिल्या. नम्रता, तेजस्विनी, शर्मिला. सगळ्यांची पोरं कोपऱ्यावरच्या सकाळच्या शाळेत. शिकलेले, सडेफटिंग तरुणही विचारायला आले होते. त्यांचं नाव ज्ञानदेवांनी पुढं केलंच नाही. संसारी बाई नोकरी टिकवते, हे त्यांचं म्हणणं रोहनला पटलं.

बायका खूश होत्या. हाकेच्या अंतरावर पगाराची नोकरी, वर निळा ॲप्रन. तेजस्विनी तर ज्ञानदेवांच्या पाया पडून गेली.

"आपलंच दुकान बंद पाडायला माणसं पुरवलीत," ज्ञानदेव परतल्यावर दुर्गाबाई म्हणाल्या. "आता किल्लीही देऊन टाका."

"अजून मागितली नाही त्यानं," ज्ञानदेव म्हणाले आणि पेपर उघडला.

सकाळभर समोर रीघ होती. इकडं एक काडेपेटी खपली. दुकान गेलं तर या वयात करायचं काय, हे दुर्गाबाईंनी दोनदा विचारलं. ज्ञानदेवांनी पान उलटलं.

शाळा सुटली तसा रोहन घाम पुसत रस्ता ओलांडून आला. दुर्गाबाई आत डाळ निवडत होत्या. बाहेरचं सगळं ऐकू आलं नाही. "अहो, हे पुणं आहे, इथं कुणी नावं ठेवत नाही" एवढं मात्र यजमानांच्या तोंडचं ऐकलं. रोहन आभार मानून गेला. जाताना त्याच्या काखेत काहीतरी होतं.

एक वाजला. लग्न होऊन आल्यापासूनच्या सवयीनं दुर्गाबाई शटर ओढायला उठल्या.

"राहू दे," ज्ञानदेव म्हणाले. "आज झोप नाही."

दुर्गाबाईंनी बाहेर पाहिलं. निळे ॲप्रन घातलेल्या बायका पोरांची बोटं धरून, त्यांना जेवू घालायला, घरोघर निघाल्या होत्या. रिकाम्या पिशव्या घेतलेली गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून इकडं येत होती. आणि सुपरमार्केटच्या बंद काचेवर रोहन दुर्गाबाईंच्याच दुकानाची जुनी पाटी टांगत होता : दुपारी १ ते ४ बंद.