नाकोबांचा कौल

बाबांनी तपकिरी बाटलीचं बूच काढलं, ती नाकाशी धरली आणि डोळे मिटले. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीची पाचावर धारण बसली होती. सकाळी दूध करपून पातेलं काळं पडलं तरी बाबा शेगडीजवळच पेपर वाचत बसले होते. लक्ष कुठे असतं तुमचं, म्हणून ती डाफरलीही होती. आणि आज तर सगळी भिस्त त्यांच्यावर होती.

डाळिंबाच्या सालीतलं औषध नुसत्या पाण्यात आणि ग्लिसरिनमध्ये उतरवायची रीत तिने बसवली होती. कारखान्याच्या मालकांना ती नको होती. अर्काच्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं उग्र द्रावकाची पिंपं रिती होत होती. माणसं डोकं धरून बाहेर येत, पण माल झटपट निघे. तिने चाचण्यांचे आकडे पुढे ठेवले, ते मालकांनी बाजूला सारले. त्यांचा विश्वास हॉल सांभाळणाऱ्या बाबांवर. वासावरून अर्क पारखतात म्हणून त्यांना सगळे नाकोबा म्हणत. नाकासमोर चालणारा माणूस, पोटच्या पोरीसाठीही खोटं बोलायचा नाही, हे मालक जाणून होते.

“अर्क जोमदार आहे,” बाबा म्हणाले. “सालीचा कडवट वास छान उतरलाय. ती जुनी पिंपं हलवा आता.”

मालकांनी मान डोलावली. लेकीचा जीव भांड्यात पडला.

प्रयोगशाळेत परतली तर अर्काची बाटली ओट्यावर तशीच. घाईत तिने नेली होती ती तुलनेसाठी ठेवलेली कोरी बाटली. तिच्यात सालच नव्हती, नुसतं पाणी आणि ग्लिसरिन. त्याला कसलाही वास नसतो.

म्हणजे बाबा मायेपोटी खोटं बोलले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तडक हॉलवर गेली. बाबा बाहेर बाकावर बसले होते. समोर माणसं पिंपं गाडीत चढवत होती.

“बाबा, त्या बाटलीत साल नव्हतीच. माझी चूक झाली. पण तुम्ही हो कशाच्या भरवशावर म्हणालात?”

बाबांनी गाडीत चढणाऱ्या पिंपांकडे पाहिलं.

“तुझ्या आकड्यांच्या,” ते म्हणाले. “नाक मालकांना हवं होतं. माझं तर या हॉलने केव्हाच नेलंय, बाळा.”