पितळेवर चढलेला काळा रंग

नवरा गेल्यावर बंदूकदुरुस्तीच्या दुकानाचा परवाना शमशादच्या नावावर झाला. आज पहिलं गिऱ्हाईक आलं, निवृत्त सुभेदार घोरपडे. त्यांच्या बंदुकीवरची पितळी पट्टी उन्हात चमकायची आणि नेम धरताना डोळे दिपायचे. ती काळी करून हवी होती.

"वडिलांची बंदूक आहे, वहिनी. पट्टी बिघडली तर दुसरी मिळायची नाही. तुम्हाला जमेल?"

"बारा वर्षं ह्यांच्या शेजारी बसून बघितलंय, दादा. हात मात्र कधी लावला नव्हता."

तिनं घासून स्वच्छ केलेली पट्टी चिमट्यानं धरून पितळ काळं करायच्या द्रावणात सोडली. सोनेरी पितळ आधी तांबूस झालं, मग जांभळं, आणि बघता बघता काळंभोर. सुभेदार उठून भांड्यावर वाकले.

पट्टी धुऊन, तेल चोळून तिनं पुढं केली. सुभेदारांनी खिशातल्या रुमालानं ती जोरात घासली. रुमालावर काळा डागसुद्धा उठला नाही.

"कमाल केलीत!" ते पुटपुटले.

ते गेल्यावर शमशादनं आपले हात दारातल्या उजेडात धरले आणि दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे ती ते कितीतरी वेळ निरखत राहिली.